इंझोरीच्या मेळ्यातला हुकूम

"तिकडे बघायला काय आहे?" हा प्रश्न निघण्याआधी नाशकात मला निदान दहा जणांनी विचारला. शेजारच्या काकूंना वेरूळ माहीत होतं, आमच्या यजमानांना अजिंठा. अकोला जिल्ह्यातलं इंझोरी कुणीच ऐकलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर महिनाभरापूर्वी मीही ऐकलं नव्हतं. ऐकवलं ते कुसुमनं. कुसुम म्हणजे माझी शिक्षक-प्रशिक्षणातली मैत्रीण. बदली होऊन ती तिथल्या शाळेत गेली आणि चार वर्षांत पक्की वऱ्हाडी झाली. तिनं लिहिलं, "मुलांना घेऊन ये. आमच्या शाळेत दोन दिवसांचा मेळा आहे. सोंगं, गाणी, नकला, बाहुल्या, सगळं काही. आजूबाजूच्या गावांतली घरंच्या घरं येतात. अट एकच, नुसतं बघायला यायचं नाही."

ही अट मी गमतीतच घेतली. मी आमच्या शाळेत मुलांची नाटकं बसवते. प्रेक्षकांनी गप्प बसावं यावर माझा भारी कटाक्ष. नाटक सुरू असताना कुणी नुसतं खोकलं तरी मी तोंडावर बोट ठेवून "शू" करते, त्यामुळे मुलं मला पाठीमागे 'शू बाई' म्हणतात. हे नाव मला माहीत नाही, असं त्यांना वाटतं.

तर मी, चौदा वर्षांची मुक्ता, आठ वर्षांचा बंडू आणि सहा कळसूत्री बाहुल्यांची एक पत्र्याची ट्रंक, असे आम्ही निघालो. यजमान घरीच राहिले. त्यांना बाहुल्यांचा कंटाळा येतो आणि ते तसं तोंडावर सांगतात.

कारंजा

मूर्तिजापूरला मोठी गाडी सोडून आम्ही अरुंद रुळांवरच्या छोट्या गाडीत बसलो. तिचं वर्णन करत नाही, ती अजून पोहोचायचीच असेल. कारंज्याला उतरलो तेव्हा बाजाराच्या रस्त्यावर कापसाच्या गाड्यांची रांग लागली होती, आणि गाड्यांतून उडालेला कापूस कडुनिंबाच्या फांद्यांना अडकला होता. बंडू म्हणाला, "इथे झाडांनाच कापूस येतो." मुक्तानं त्याला वेड्यात काढलं. या वयात तिला सगळेच वेडे वाटतात.

जुन्या जैन मंदिरातलं लाकडावरचं कोरीवकाम बघितलं. नंतर मुखवट्यांसाठी दोन शेर मैदा आणि बरीच रद्दी घेतली. कागदाचे थर खळीनं चिकटवून मुखवटे करणं ही मुक्ताची हातोटी. माझ्याहून तिचा हात सफाईदार आहे, हे मी तिच्यासमोर बोलत नाही.

दुपारी एका खानावळीत भाकरी, झुणका आणि मिरचीचा ठेचा खाल्ला. आमच्याकडे ठेचा ताटाच्या कडेला लाजत बसतो, इथे तो यजमानासारखा मधोमध बसला होता. बंडूनं बोटभर चाटला आणि तांब्याभर पाणी प्यायला. वाढणारी बाई हसून म्हणाली, "पाणी नको पिऊ बापू, गूळ खा. पाण्यानं त अजून भडकते."

पुढच्या एस.टी.त ट्रंक टपावर चढली. इंझोरीला उतरवली तेव्हा तिचं झाकण उघडलेलं होतं. आतल्या राजा, राणी, प्रधान आणि बाकीच्यांच्या दोऱ्यांचा मिळून एकच गुंता झालेला. रात्री कंदिलाशी बसून मी तीन बाहुल्या कशाबशा सोडवल्या. उरलेल्या तिघांनी एकमेकांचे गळे धरले होते ते काही केल्या सोडले नाहीत.

इंझोरी, मेळ्याचा पहिला दिवस

शाळा म्हणजे कौलारू तीन खोल्या आणि पुढे भलं मोठं पटांगण. सकाळी नऊपासून बैलगाड्या येऊ लागल्या. बायका, बाप्ये, म्हातारेकोतारे, काखेतली पोरं. पटांगणात सतरंज्या अंथरल्या होत्या आणि पुढे हातांची एकुलती एक खुर्ची ठेवली होती. ती गुलाबरावांची. गावातले मोठे शेतकरी, माजी सरपंच, वय सत्तरीच्या आतबाहेर, डोक्याला पांढरं पागोटं. मांडीवर नातू होता. दुष्काळाला दोन वर्षं होऊन गेली होती, ज्वारी बरी आली होती आणि माणसांच्या बोलण्यात मोकळेपणा आला होता.

पाहुणी म्हणून पहिला मान मला मिळाला. पडद्यामागून मी तीन बाहुल्यांवर सहा जणांचं नाटक सुरू केलं. राजाचा मुकुट हरवतो, अशी गोष्ट. दोन मिनिटं झाली आणि लोक बोलायला लागले. "अरे, मुकुट त्या बाईच्या मागं असन!" "राजा, डोक्स्यावर हात लावून पाह्य!" मी सवयीनं पडद्यावरून मान काढली आणि "शू!" केलं. सगळं पटांगण गप्प झालं. ते इतकं गप्प झालं की पुढचं नाटक मी जणू स्मशानात केलं. संपल्यावर टाळी नाही, हसू नाही. पुढच्या रांगेतली एक बाई काळजीनं म्हणाली, "बाई, आमचं काही चुकलं काय? आमाले कामच नाई देलं तुमी."

मग कुसुमनं मला मेळ्याची रीत समजावून सांगितली. ही तिनं पत्रात लिहायला हवी होती, पण मी तरी कुठे विचारलं होतं? इथे ज्या घराची पाळी, त्या घरानं खेळ करायचा आणि जमलेल्या सगळ्यांना एक हुकूम द्यायचा. तो हुकूम पाटलापासून तान्ह्या पोरापर्यंत सर्वांना लागू. कुणी चुकारपणा केला की मुलं "हुकूम! हुकूम!" असा गिल्ला करतात. हुकूम मोडला तर खेळ तिथेच बंद.

माझ्यानंतर रिठदहून आलेल्या एका घराची पाळी होती. आई आणि तीन मुलं शेतातली पाखरं हाकण्याचं सोंग करणार होती. आईचा हुकूम झाला, "तुमी सारे ज्वारी. वारा आला का डोला." आणि दोन-तीनशे माणसं हात वर करून डोलायला लागली. तोंडानं सळसळ असा आवाज करत होती. मीही डोलले. मुक्ता आधी इकडेतिकडे बघत होती, मग तीही डोलली. दुसऱ्या एका बापलेकींनी उखाणे घातले. उत्तर न येणाऱ्यानं कोंबड्यासारखं आरवायचं होतं. गुलाबरावांना एकही उत्तर आलं नाही. ते खुर्चीतल्या खुर्चीत असे झकास आरवले की गावातल्या खऱ्या कोंबड्यांनी ओ दिली. माणूस मला आवडला, हे इथेच सांगून ठेवते.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत शाळेच्या मागून एक ठेका ऐकू आला. एक हात सावकाश, दुसरा घाईत, आणि मध्येच दोघे गाठ पडल्यासारखे एकत्र. जाऊन बघते तर मुक्ताच्याच वयाची एक मुलगी तेलाच्या रिकाम्या डब्यावर दोन काड्यांनी वाजवत होती. तिचं नाव सुजाता. मला बघताच ती थांबली आणि काड्या पाठीमागे लपवल्या.

"थांबू नकोस," मी म्हणाले. "कुणी शिकवलं?"

"कोनी नाई."

"घरी कुणी वाजवतं का?"

"आबा वाजवत होते. मी व्हायच्या आंधी. आता नाई वाजवत."

माझ्या डोक्यात लगेच नाटक तयार झालं. उद्या पुन्हा राजा आणायचा, त्याची मिरवणूक काढायची, आणि सुजाता पुढे वाजवत चालेल. लोकांना हुकूमही देता येईल, जयजयकार करायचा. कुसुम जेवण वाढण्यात गुंतली होती. तिला विचारायला हवं, असं मला वाटलंही नाही. मुक्ताला घेऊन मी तडक सुजातामागोमाग तिच्या घरी गेले.

अंगण स्वच्छ सारवलेलं होतं. ओसरीच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिला झेंडूचं फूल. सुजाताचे वडील कारंज्याला नोकरीला, आई घरात, आणि आजोबा, दशरथबाबा, ओसरीवर बाजेवर बसलेले. मी हात जोडले आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. "बाबा, उद्या आमच्या राजाची मिरवणूक आहे. सुजाता पुढे वाजवत चालली तर बहार येईल. तुमच्याकडे डफडं असेलच की."

सुजाताची आई दारातच थबकली. बाबा म्हणाले, "चहा घ्या बाई."

चहा आला. गोड मिट्ट. तो संपेपर्यंत आपलं काहीतरी चुकलं आहे एवढं मला कळलं होतं. काय चुकलं ते मात्र कळलं नव्हतं. मग बाबांनी खुंटीवर टांगलेल्या चाळणीकडे बोट दाखवलं. गोल, लाकडी कड्याची, मोठी चाळणी.

"ते पाहा डफडं. नागपूरहून दीक्षा घेऊन आलो ना, त्याच दिवशी कातडं फाडून टाकलं. कडं बापाच्या हातचं होतं, मोडवलं नाई. त्याले जाळी ठोकली. तवापासून त्याच्यात ज्वारी चाळून राह्यली घरची."

"मला माहीत नव्हतं," मी म्हणाले.

"तुमाले कसं माईत असन? वाजवनारा कोन, हे वरातीतला मानूस कुठी पायते?" त्यांच्या आवाजात राग नव्हता. "या गुलाबरावाच्या लग्नात इथून मानोऱ्यापावतर वाजवत गेलो मी. वरात गाड्यायत, आमी पुढं पायी. चैताचं ऊन. पोचलो तं पाय थरथर कापून राह्यले. इचारलं, 'मालक, बसू का आता?' तं हसून म्हणे, 'थांब, अजून एक बारी होऊ दे.' ते बारी झाली का अजून एक. मारलं नाई बाई, शिवी नाई देली. बसू नाई देलं फक्त."

बारी म्हणजे वाजवण्याचा एक फेरा. मी मान खाली घातली. आयुष्यात किती वराती बघितल्या, किती मिरवणुका बसवल्या, आणि पुढे चालणाऱ्या माणसाचे पाय कधी बघितले नाहीत. मला मनापासून लाज वाटली. उठायला लागले तेवढ्यात सुजाता, जी इतका वेळ खांबाआड होती, पुढे आली.

"आबा, मले वाजवाचं हाये."

"तुले कोनं शिकवलं?" बाबांनी विचारलं. "मी त हात लावला नाई अठरा वर्सं."

"तुमीच तं शिकवलं."

"कायले खोटं बोलतं पोरी?"

सुजातानं बाजेच्या लाकडी पाटीवर बोट ठेवलं, बाबांच्या उजव्या हाताशी. "जेवन झालं का इथं रोज वाजवता तुमी. या हातानं धीमं, या हातानं जल्दी. मी चुलीपाशी बसून आयकतो."

आम्ही सगळ्यांनी त्या पाटीकडे बघितलं. बोटं पडायची तेवढ्याच जागी लाकूड गुळगुळीत झालं होतं. बाबांनी आपल्या सुनेकडे पाहिलं. "मी वाजवतो?"

"रोज, मामाजी," ती हळूच म्हणाली.

बाबा कितीतरी वेळ आपल्या हातांकडे बघत राहिले. आम्ही निरोप घेतला तो त्यांना ऐकू आला की नाही, सांगता येत नाही.

शाळेत परतल्यावर कुसुमनं मला फैलावर घेतलं. मी निमूट ऐकून घेतलं. पण चारच्या सुमाराला दशरथबाबा स्वतःच पटांगणाच्या कडेनं येताना दिसले, बरोबर सुजाता. तिच्या हातात ते कडं होतं. जाळी नव्हती. खिळे बाबांनी आपल्या हातानं काढले होते.

"कुसुमबाई," ते म्हणाले, "मेळ्यात कोनतंबी घर हुकूम देऊ शकते ना?"

"हो बाबा."

"मंग आमच्या घराचा नंबर लिवा. कातडं लावाचं नाई, दुसरं काही लावा. पोरगी चालत वाजवनार नाई, खुर्चीवर बसून वाजवन. आन आयकनारे उभे राह्यतीन. सारे. हा आमचा हुकूम."

ते गेल्यावर कुसुम मटकन पायरीवर बसली. "खुर्ची शाळेत एकच आहे," ती म्हणाली. "आणि गुलाबराव उठले नाहीत तर निम्मं गाव उठणार नाही. ते आरवतील, डोलतील, सगळं करतील. पण दशरथबाबांच्या नातीसाठी उभं राहायचं म्हणजे निराळं आहे. नाही उठले तर बाबा पोरीला हाताला धरून घरी नेतील, आणि ते कडं पुन्हा चाळणी होईल. मग ती जन्मात वाजवणार नाही." सुजाता ऐकत उभी होती. तिनं कडं छातीशी धरलं होतं.

मुक्ता उठली, तिनं मैद्याची खळ शिजवायला ठेवली आणि सुजाताला रद्दी फाडायला बसवलं. कड्यावर कागदाचे सात थर चढेपर्यंत दोघी एक शब्द बोलल्या नाहीत, आणि त्यानंतर झोपेपर्यंत दोघींची तोंडं थांबली नाहीत.

इंझोरी, मेळ्याचा दुसरा दिवस

सकाळी कडं शाळेच्या कौलांवर उन्हात ठेवलं. बंडू राखणीला बसला, कारण एक शेळी खळीच्या वासानं तीनदा येऊन गेली होती. दहाच्या सुमारास माझी पाळी आली. मी मिरवणूक रद्द केली. गुंतलेल्या तीन बाहुल्या लोकांपुढे ठेवल्या आणि म्हणाले, "माझा हुकूम एवढाच, सोडवा." त्यावर जी झुंबड उडाली! आज्या, पोरं, एक शिंपी, सगळे दोऱ्यांवर तुटून पडले. प्रत्येक दोरीबरोबर त्या बाहुल्यांच्या भांडणाची नवी गोष्ट तयार होत होती. राणीनं प्रधानाचा गळा का धरला याची चार कारणं मला कळली, त्यातली दोन इथे लिहिण्यासारखी नाहीत. पाऊण तासात गुंता सुटला. माझ्या कुठल्याही नाटकाला इतके लोक इतके हसले नव्हते, आणि मी एकदाही शू केलं नाही.

जेवायला गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले रोडगे, वरण आणि वांग्याची तिखट भाजी. रोडगा म्हणजे कणकेचा जाड गोळा. तो फोडून त्यात तूप ओततात. आमच्याकडे पाहुण्याला "अजून घ्या" म्हणतात, इथे काही न म्हणता वाढतात आणि ताटाशी उभे राहतात. पण त्या दिवशी मला घास गोड लागेना. माझ्या उतावळेपणानं हे सगळं सुरू झालं होतं. एका म्हाताऱ्या माणसानं अठरा वर्षं जपलेली गोष्ट आज पुन्हा खुंटीला लागली, तर ती मीच काढायला लावली होती.

तीन वाजता कडं खाली उतरवलं. कागद ताणून टणक झाला होता. सुजातानं एक टिचकी मारली. कातड्याइतका भारदस्त नव्हे, पण स्वच्छ आवाज आला.

दशरथबाबा धुतलेलं धोतर नेसून आले. पटांगणाच्या मधोमध उभे राहिले आणि त्यांनी हुकूम सांगितला, आदल्या दिवशी सांगितला होता त्याच शब्दांत. कमी नाही, जास्त नाही.

आधी मुलं उठली. मग बायका. रिठदची आई तिन्ही मुलांसह उठली. मागच्या रांगांतले काही बाप्ये अर्धवट उठले आणि पुढे बघत तसेच थांबले. सगळे गुलाबरावांकडे बघत होते. ते खुर्चीवरच होते, मांडीवर नातू. त्यांनी पागोटं सारखं केलं.

"दशरथ," ते म्हणाले, "गुडघे दुखून राह्यले रे."

"दुखतेत," बाबा म्हणाले. "माये बी दुखत होते, मानोऱ्याले."

ते सर्वांना ऐकू गेलं. अर्थ किती जणांना लागला कोण जाणे, पण गुलाबरावांना लागला. त्यांचा चेहरा उतरला. इतक्यात मांडीवरचा नातू, ज्याला मानोरा माहीत नव्हतं आणि लग्नही माहीत नव्हतं, टुणकन खाली उतरला आणि त्यांचा हात ओढत ओरडला, "आजा, हुकूम! हुकूम!" सगळ्या पोरांनी ते उचलून धरलं. हुकूम, हुकूम!

गुलाबराव उठले. खुर्चीच्या हातांवर भार देत, सावकाश. उठल्यावर त्यांनी खुर्ची स्वतः उचलली, पाच पावलं चालले आणि ती दशरथबाबांजवळ ठेवली. मागे अर्धवट उठलेले पुरते उठले.

सुजाता बसली. तिचे पाय जमिनीला जेमतेम टेकत होते. कागदाचं डफडं तिनं मांडीवर घेतलं आणि काड्या टेकवल्या. एक हात धीमा, एक जल्दी. ओसरीवर, बाजेच्या पाटीवर, रोज जेवणानंतर वाजलेला तो ठेका आता सगळ्या गावासमोर वाजत होता, आणि सगळं गाव उभं होतं. दशरथबाबाही उभेच होते, कारण तेही ऐकणारेच. त्यांचे हात बाजूला सुटे होते आणि बोटं हलत होती. त्यांनी ती थांबवली नाहीत. माझे डोळे भरून आले. मी ते पुसले नाहीत, पुसायला गेले असते तर मुक्तानं बघितलं असतं. मग लक्षात आलं, तीही पुसत नव्हती.

बारी बरीच लांबली. ऊन तिरपं झालं, सावल्या शाळेच्या भिंतीवर चढल्या. शेवटी दोन्ही हात एकत्र पडले आणि सुजाता थांबली. टाळ्या वाजवायचं कुणाला सुचायच्या आत गुलाबरावांनी गुडघ्यावर हात ठेवला आणि विचारलं, "दशरथ, बसू का आता?"

विचारून झाल्यावर त्यांना स्वतःलाच ते ऐकू आलं असावं. ते तसेच वाकलेले राहिले.

दशरथबाबांनी त्यांच्याकडे वळून पाहिलं. आवाज चढवला नाही. हसून म्हणाले, "थांबा गुलाबराव. अजून एक बारी होऊ द्या."

गुलाबराव सरळ झाले. आम्ही सगळे उभेच होतो. सुजातानं पुन्हा काड्या उचलल्या.